बाबांचा दगड

टेबल गेलं तेव्हा आई दाताच्या डॉक्टरकडे होती.

मीच तिला घेऊन गेले होते. दाढ काढून आम्ही परत आलो तेव्हा तिच्या गालावर रुमाल होता आणि अर्धं तोंड बधिर. बाबांनी तिला दारातच अडवलं. "डोळे मीट," ते म्हणाले. अख्ख्या संसारात त्यांनी आईला कधी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. ती घाबरली आणि तिने डोळे उलट आणखीच मोठे केले.

जेवणाच्या खोलीत तिच्या जुन्या लाकडी टेबलाच्या जागी पांढराशुभ्र संगमरवर पसरला होता. मध्ये करड्या शिरा, कोपरे गोल केलेले, खाली काळे लोखंडी पाय. खिडकीचा उजेड त्यावर पडून छतापर्यंत गेला होता. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, दुकानातून परस्पर पाठवलं होतं.

"माझं टेबल?" आईने विचारलं. बधिर ओठांतून ते "माव टेमल" असं काहीतरी बाहेर आलं.

बाबा हसले. मनापासून, खळखळून हसले. पुढे जे झालं ते या हसण्यावरून झालं असं मला कायम वाटत आलंय.

आई शिवणकाम करते. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बायकांच्या अंगावर तिच्या हातचं काहीतरी असतंच. त्या जुन्या टेबलावर ती कापड बेतायची. त्याच्या एका कडेला तिने कानशीने खाचा पाडून इंचांची पट्टी करून घेतली होती, म्हणजे टेप सापडला नाही तरी अडायचं नाही. मधोमध इस्त्रीने भाजलेला काळा त्रिकोण होता. टाचण्या टोचून टोचून लाकडाची चाळण झाली होती. आम्ही जेवायचो त्यावरच, पण आईने कापड उचललं की मग. त्या टेबलावर कापड घरचं होतं आणि जेवण पाहुणं.

"ते नेलं त्यांनी," बाबा म्हणाले. "नवं घेतलं की जुनं उचलून नेतात. दादाने सगळं ठरवलं होतं, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. आता आराम कर. किती दिवस शिवत बसणार?"

आईने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाळ गळली. तिने रुमाल दाबला आणि ती आत गेली. बाबांना वाटलं तिला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी तोंड ताळ्यावर आल्याबरोबर तिने मला फोन केला आणि आम्ही दुकानाच्या गोदामात गेलो. तिथला मुकादम माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, जुनं लाकूड आम्ही ठेवत नाही. त्याच दिवशी फोडतो. काचसामान पाठवायला खोकी लागतात."

"न विचारता फोडता?"

"घरच्यांनीच दिलं की."

"आणि मी कोण? मी घरची नाही?"

मुकादमाने माझ्याकडे बघितलं. भिंतीला लागून खोक्यांची चळत होती. आईने तिकडे मान वळवली नाही. परत येताना ती एकच वाक्य बोलली. "माझी दाढ काढताना निदान मला विचारलं तरी होतं."

मग त्या दगडाचं राज्य सुरू झालं.

बाबा एका कारखान्याच्या भांडारात प्रमुख होते. निवृत्त झाल्यापासून घरात जपण्यासारखं काही सापडेना म्हणून ते कासावीस असायचे, आता सापडलं. टेबल बसवायला आलेल्या कारागिराने त्यांना काळजी कशी घ्यायची ते सांगितलं होतं आणि ते त्यांनी शब्दन् शब्द पाठ केलं. आंबट काही सांडू द्यायचं नाही. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, सगळं वर्ज्य, कारण आंबट लागलं की दगडाची चकाकी जळते आणि तो डाग नसतो, जखम असते. पुसायचं ते कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ कापडाने, मग साध्या पाण्याने, मग लगेच कोरडं. बाथरूमचा क्लीनर, घासणी, भुकटी, काही चालणार नाही. गरम भांडं थेट ठेवायचं नाही. भांडं ओढायचं नाही, उचलायचं.

हे सगळं बरोबरच होतं. दगडाच्या बाजूने बोलायचं तर बाबांचं काही चुकत नव्हतं.

रोज सकाळी ते चमच्याने टेबलावर पाण्याचा एक थेंब टाकायचे आणि हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर दगडावरचं सीलर शाबूत आहे. पसरला आणि खालचा दगड काळवंडला तर पाणी आत शिरतंय. थेंब रोज मोत्यासारखाच राहायचा. बाबा रोज तेवढेच खूश व्हायचे.

आम्ही जेवताना ते डोळ्यांत तेल घालून बघायचे. पेला ठेवायचा तो चकतीवर. चकती नसेल तर हातात. एकदा माझ्या नवऱ्याने सॅलडवर लिंबू पिळायला घेतलं, तर बाबांनी त्याला ताटासकट स्वयंपाकघरात पाठवलं. तो बिचारा जावई, काय बोलणार? ओट्यापाशी उभा राहून जेवला. हळूहळू आम्ही सगळेच तिकडे उभे राहून जेवायला लागलो. टेबल छान दिसायचं.

"कानामागून आला आणि तिखट झाला," आई म्हणायची. बाबांना ती आता 'भांडारप्रमुख' म्हणायला लागली होती, पण त्यात गंमत उरली नव्हती.

तिचं बेतणं जमिनीवर गेलं. संगमरवरावर टाचण्या नाहीत, कात्री नाही, इस्त्री तर नाहीच, रंगीत खडूचं मेण दगडात उतरतं म्हणून खडू नाही. ती गुडघ्यांवर बसून चादरीवर कापड पसरायची आणि उठताना भिंत धरायची. पाठीला पट्टा आला. मी बाबांना म्हटलं, "तिला एक साधं टेबल आणून देऊ या." ते म्हणाले, "ठेवणार कुठे? जागा आहे का?" खरंच नव्हती. जागा तो दगड अडवून बसला होता.

गल्लीच्या टोकाला एक नर्स राहते. तिला जाड लोकरी कापडाचा लांब कोट हवा होता. असलं कापड जमिनीवर बेतणं म्हणजे रेड्याला आंघोळ घालणं. बाबा फिरायला गेल्यावर आईने टेबलावर जाड गोधडी अंथरली, तिच्यावर चादर, आणि तिथे कोट बेतला. बेतून झाला तसं मशीनही गोधडीवर ठेवून एक बाही जोडून घेतली. सगळं नीट झालं. फक्त मशीनच्या तेलाची कुपी गोधडीच्या टोकाखाली आडवी झालेली तिला दिसली नाही.

गोधडी काढली तेव्हा पांढऱ्या दगडात हाताच्या पंजाएवढा पिवळट काळपट डाग उतरला होता.

तिने लपवलं नाही. बाबा आल्यावर स्वतःच सांगितलं. बाबांचा चेहरा असा झाला की जणू कोणी जिन्यावरून पडलं. त्यांनी कारागिराला फोन केला. तो म्हणाला, घाबरू नका, तेल आहे ना, तेल निघतं. खाण्याच्या सोड्यात पाणी घालून घट्ट लेप करा, डागावर जाड थापा, वर प्लास्टिक चिकटवा आणि विसरून जा. लेप वाळता वाळता तेल ओढून घेतो. एकदा नाही गेलं तर पुन्हा लावा. धीर धरा.

धीर सोडून बाकी सगळं बाबांनी केलं. दर थोड्या वेळाने प्लास्टिकचं टोक उचलून ते आत बघत होते, त्यामुळे लेप नीट वाळेचना. आईने सांगितलं, "अहो, राहू द्या की जरा." ते म्हणाले, "तू तर बोलूच नकोस." डाग फिका झाला, पण गेला नाही. आणि रविवार जवळ आला. दर रविवारी दादाचा व्हिडिओ कॉल येतो आणि बाबा आधी त्याला टेबल दाखवतात, मग स्वतःला, मग आईला.

शनिवारी आई नर्सकडे कोट अंगावर घालून बघायला गेली होती. परत आली तर घरभर बाथरूमच्या क्लीनरचा वास. नाकात झिणझिण्या आणणारा, फरशीवरचे थर काढायचा तो. जेवणाच्या खोलीत खिडक्या सताड उघड्या, आणि जिथे फिकट डाग होता तिथे आता ताटाएवढा पांढुरका, आंधळा डाग. तिने हात फिरवला. बाकी दगड काचेसारखा आणि तेवढाच भाग खडूसारखा खरखरीत. आमच्या बाथरूमच्या खिडकीची संगमरवरी पट्टी त्याच बाटलीने कधीचीच मेली होती, त्यामुळे हे काय आहे ते तिला विचारावं लागलं नाही.

बाबा आतल्या छोट्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्या खोलीत ते दुपारी वाचतात आणि आडवे होतात. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण ते वाचतही नव्हते.

आई स्वयंपाकाला लागली. नंतर तिने मला सांगितलं, "मी वाट बघत होते. म्हटलं, सांगतील. आता सांगतील. जेवताना सांगतील. माणसाचा हात चुकतो, माझाही चुकला होता. मी सांगितलं की नाही?"

रविवारी मी तिथेच होते. दादाचा कॉल आला. बाबांनी फोन टेबलाच्या चांगल्या बाजूला धरला, पण उजेडाने घात केला.

"बाबा, ते काय आहे? मागे. हां, ते."

"ते होय," बाबा म्हणाले. "जरा तेल सांडलं."

"कसलं तेल?"

"मशीनचं. तुझी आई शिवत होती त्यावर."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात, आणि खरंही नव्हतं. दादा भडकला. "आई कुठंय? फोन तिच्याकडे फिरवा. आई, किती हौसेने पाठवलं होतं गं ते. तुला एक वस्तू जपता येत नाही? शिवू नको म्हणून सांगतोय ना आम्ही? कोणासाठी शिवतेस? काय कमी आहे तुला? त्या दगडाचं वाटोळं केलंस." मागून वहिनीचा आवाज येत होता, "अहो, पुरे, नीट बोला," पण त्याची गाडी थांबेना.

बाबांनी फोन तसाच धरून ठेवला होता. त्यांची नजर फोनवर होती.

आईने बाबांकडे बघितलं. शेवटची संधी द्यावी तसं. मग तिने त्यांच्या हातातून फोन घेतला.

"झालं तुझं?" ती दादाला म्हणाली. "आता ऐक. माझं टेबल तू मला न विचारता मोडायला दिलंस. मी जिवंत असताना, माझ्या घरातून, मी दाढ काढायला गेलेली बघून. चोर तरी घरातली माणसं झोपायची वाट बघतो. हौस म्हणतोस? कोणाची हौस? मला हवं का म्हणून एकदा विचारलंस? तुझ्या शाळेचे कपडे त्या टेबलावर बेतलेत. तुझ्या लग्नातला कोट त्यावर बेतला. मला आराम हवा असता तर मी मागितला असता, मला तोंड आहे. तुम्हाला माझं काम दिसायला नको होतं, म्हणून वर दगड ठेवलात."

"आई, तसं नाही..."

"तेल मी सांडलं. ते निघत होतं. दगड मी जाळलेला नाही. तो कोणी जाळला ते तुझ्या बाबांना विचार. आणि ते सांगेपर्यंत मला फोन करायचा नाही."

तिने फोन बंद करून संगमरवरावर ठेवला. आदळला नाही, ठेवला. मग ती बाबांकडे वळली आणि तेव्हा मात्र तिचा आवाज असा चढला की मी माझ्या आईचा तो आवाज कधी ऐकला नव्हता.

"रोज थेंब टाकून बघता ना? कोमट पाणी, मऊ कापड, दोन थेंब साबण! आयुष्यभर मी तो स्वयंपाकघरातला ओटा पुसतेय. तोही दगडच आहे. त्यावर दूध उतू गेलं, तेल सांडलं, चहाचे डाग पडले. एकदा तरी हात लावलात? एकदा तरी विचारलंत, कशाने पुसतेस म्हणून? तुमच्या तळहातांना भेगा नाहीत, माझ्या आहेत. आणि त्या पोराने मला वाट्टेल तसं बोलावं आणि तुम्ही ऐकत बसावं?"

"माझ्याकडे दुसरं काय आहे करायला?" बाबा एकदम म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "सकाळी उठतो. काही नसतं. तुला काम असतं. ते टेबल आलं तर निदान..."

"काम हवं होतं तर मागायचं," आई म्हणाली. "माझं का घेतलंत?"

मला वाटलं होतं की आता आई रडेल आणि हे मिटेल. ती रडली नाही. तिने सुताराला फोन लावला.

सुतार दुसऱ्या दिवशी दोन हमाल घेऊन आला. टेबलाखाली वाकून त्याने बघितलं. वरचा दगड लोखंडी सांगाड्यावर नुसता टेकवलेला होता, चार-सहा जागी सिलिकॉनचे ठिपके. "निघेल," तो म्हणाला. "पण बाई, इतका भारी माल काढून काय घालणार वर?"

"जाड प्लाय."

"संगमरवर काढून प्लाय?" त्याला हसू आवरेना. "दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, तसं."

"तसंच," आई म्हणाली. ती हसली नाही, मग तो कामाला लागला.

बाबा दारात आडवे उभे राहिले. "तडा जाईल," ते म्हणाले. "मध्ये तडा जाईल, सांगून ठेवतो."

"मग कसा उचलायचा ते सांगा," आई म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

आणि बाबांनी सांगितलं. मला वाटलं होतं ते रुसून फिरायला निघून जातील, पण दगड फुटेल या भीतीपुढे त्यांचं काही चालेना. सुताराने पातळ तारेने सिलिकॉन कापलं. दगड आडवा न्यायचा नाही, आधी कडेवर उभा करायचा, काच नेतात तसा. आडवा नेला की स्वतःच्या वजनाने मध्ये मोडतो. बाबा पुढे चालत होते, "सावकाश, कोपरा, कोपरा" म्हणत. मी एका बाजूने हात दिला. घामाने सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले. आईने जागा दाखवली ती बाबांच्या छोट्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीपाशी. खाली दोन लाकडी पट्ट्या, त्यावर फोम, आणि दगड भिंतीला टेकून उभा.

"तुमचा दगड," ती म्हणाली. "तुमच्या खोलीत. हवा तेवढा जपा."

तो आंधळा डाग नेमका पलंगावरून दिसेल असा आला होता. मुद्दाम नव्हतं, पण आईने तो फिरवूनही घेतला नाही.

संध्याकाळपर्यंत सांगाड्यावर प्लाय बसला. सुतार म्हणाला कडा नंतर घासून देतो, आज वेळ नाही. आईने त्याच उघड्या, कुसळं निघालेल्या प्लायवर नर्सच्या कोटाचं अस्तर पसरलं आणि उभ्यानेच कात्री चालवली. पाठीचा पट्टा खुर्चीवर होता.

त्यानंतरचे दिवस घरात कोणाला बरे गेले नाहीत. आई बाबांशी कामापुरतं बोलायची. "दूध आणा." "वीज गेली." ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. मी मध्यस्थी करायला गेले तर म्हणाली, "तू यात पडू नकोस. मला अजून राग आहे आणि तो मला पुरवून वापरायचाय." आणि ओटा तिने पुसायचा सोडून दिला. भांडी घासायची, स्वयंपाक करायची, पण ओटा तसाच. त्यावर चहाची वर्तुळं पडली, मग वर्तुळांवर वर्तुळं, शेगडीभोवती तेलाचा चिकट थर. बाबा पाणी प्यायला यायचे, बघायचे आणि जायचे.

एका दुपारी मी गेले तर ते ओट्यापाशी उभे होते. कोमट पाणी, साबण, मऊ कापड. कुठे काय नेऊन ठेवायचं ते माहीत नसल्याने त्यांनी सगळे डबे जमिनीवर मांडले होते. चिकट थर मऊ कापडाला दाद देत नव्हता. शेगडीमागच्या फरशांच्या सांध्यांत काळं बसलं होतं, ते बाबा जुन्या टूथब्रशने खरवडत होते. आई मशीनवर बसलेली. तिला सगळं ऐकू येत होतं, पण मशीन थांबलं नाही.

"याला काय लावतेस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"गरम पाण्याचं फडकं ठेवायचं आधी. भिजू द्यायचं. मग पुसायचं." मान वर न करता ती म्हणाली. "धीर धरायचा."

त्याच रात्री जेवणाआधी त्यांनी दादाला फोन लावला. छोट्या खोलीचं दार त्यांनी लावून घेतलं नाही. "तो डाग मी पाडला," ते म्हणाले. "क्लीनर मी टाकला. हो, मीच. नाही, तिने नाही. त्या दिवशी मी बोललो नाही." मग दादा काहीतरी बोलत असावा, कारण ते बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिले. मग म्हणाले, "ते तू तिलाच सांग."

दादाने आईला फोन केला. तिने घेतला. माफीचं त्याचं अर्धं वाक्य झाल्यावर ती म्हणाली, "समोर येऊन बोल. फोनवर मला असलं काही ऐकायचं नाही."

तो सुट्टी काढून आला. वहिनी बरोबर होती. आल्या आल्या तो जेवणाच्या खोलीत गेला आणि त्या प्लायकडे बघत उभा राहिला. मग बाबांच्या खोलीत जाऊन दगडाकडे बघत उभा राहिला. पॉलिशवाला मध्यंतरी येऊन गेला होता. त्याने डाग घासून बराच घालवला होता, पण तिरक्या उजेडात तेवढी जागा ओळखू यायची.

"आई, चुकलं," तो म्हणाला.

"हो, चुकलं," आई म्हणाली.

तो थांबला. त्याला वाटलं असावं की आता ती "जाऊ दे रे" म्हणेल. ती म्हणाली नाही. सगळे जेवायला बसले, प्लायभोवती, कापड उचलून. पेले कुठेही ठेवले तरी कोणी काही बोलत नव्हतं, आणि बाबांचा हात दोनदा चकतीसाठी पुढे होऊन मागे गेला.

"मग तो दगड परत वर कधी बसवायचा?" दादाने विचारलं. "डाग तर गेला जवळजवळ."

"मी मेल्यावर," आई म्हणाली.

दादाने खाली बघितलं, आणि मनगटात घुसलेलं प्लायचं कुसळ काढायला लागला.

"बोचतंय ना?" आई उठली. शिवणाच्या कपाटातून तिने पॉलिशपेपरचा तुकडा काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "सुतार येतो येतो म्हणतो आणि येत नाही. जेवण झालं की ही कड घास. चारही बाजू. आणि मला विचारून घास."

वहिनीने पदराने तोंड पुसलं, हसू लपवायला. बाबांनी ताटं उचलली आणि ओट्याकडे नेली. दादा हात धुऊन आला, बाह्या दुमडल्या आणि गुडघ्यांवर बसून घासायला लागला. आई चष्मा लावून त्याच्या डोक्यावर उभी होती.

"अजून," ती म्हणत होती. "अजून."